कार्टनवर ख्मेर आणि इंग्रजी शेजारी येतात तेव्हा
कंबोडियाला माल पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

तुमच्या ब्रँडचा इंग्रजी फॉन्ट ठरलेला असतो. ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या भाषेतलं, मॅटर मात्र तिकडच्या वितरकाकडून येतं आणि कम्प्युटरवर जो ख्मेर फॉन्ट सापडेल त्यात बसवलं जातं. मग एकाच कार्टनवर दोन कंपन्यांचा माल असल्यासारखं दिसतं. तुमच्या इंग्रजीशी जुळणारी ख्मेर अक्षरं आम्ही काढून देतो.

ख्मेर लिपी ही ब्राह्मीच्याच घराण्यातली, देवनागरीची चुलत बहीण. कंबोडियातल्या अंगकोर बोरेईचा इ. स. ६११चा शिलालेख या लिपीत आहे. पण तिला शिरोरेघ नाही, आणि जोडाक्षरात दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली जातं. या खालच्या रूपाला तिकडे ‘चेउंग’, म्हणजे पाय, म्हणतात. आपण अक्षराचा पाय मोडतो, ते पाय जोडतात!

‘स्त्री’ हा शब्द ख्मेरमध्येही आहे. स च्या पायाशी त, त्याच्याही खालून निघून डावीकडे वर चढणारा र चा आकडा, आणि डोक्यावर दीर्घ ई ची खूण. म्हणून १० पॉइंट इंग्रजीला १२ची लीडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) पुरते, तिथे ख्मेरला आम्ही १६च्या खाली जात नाही. ‘कार्टनवर जागा नाही हो’ हे रोज ऐकतो. मॅटर कमी करा, ओळी दाबू नका. दाबल्या की वरच्या ओळीचे पाय खालच्या ओळीच्या डोक्यात जातात.

उंची जुळवताना इंग्रजी कॅपिटल धरत नाही. स्मॉल ‘एक्स’पेक्षा ख्मेरचं मूळ अक्षर थोडं उंच ठेवतो. रेघ मात्र बारीक लागते, कारण वळणं जास्त. बोल्डमध्ये तर पोकळ्या पार बुजतात. इटॅलिकला जोड म्हणून ख्मेर तिरकं करायला सांगू नका. ‘च्रिएंग’ हे तिरकं वळण तिकडे पानंच्या पानं वाचायलाही वापरतात, त्यातून जोर कळत नाही. मथळ्यासाठी ‘मूल’ हे गोलाईदार वळण आहे.

‘ख्मेर आमच्या रोमन लोगोसारखं दिसू द्या’ अशीही मागणी येते. लोगोपुरतं करू, औषधाच्या डोसच्या सूचनेत नाही. १९४३मध्ये फ्रेंच राजवटीने ख्मेर भाषाच रोमनमध्ये लिहायचा घाट घातला होता. तो १९४५मध्ये बारगळला.

मॅटर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कम्प्युटरवर तेच अक्षर ओळखणाऱ्या प्रमाण पद्धतीतच, द्या. लिमोनसारख्या जुन्या फॉन्टमधलं मॅटर उघडलं की नुसता रोमन अक्षरांचा काला दिसतो. जुन्या मराठी डीटीपी फाइली ज्यांनी उघडल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. ख्मेरमध्ये शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ओळ कुठे मोडायची ते न दिसणाऱ्या स्पेसवरून ठरतं, आणि ती ख्मेर वाचता येणाऱ्यानेच टाकायची असते. ओळ लांब वाटली म्हणून तुम्ही स्पेसबार दाबू नका.

एकदा आमची फाइल बरोबर गेली होती, पण छापणाऱ्याने ऐन वेळी एक ओळ स्वतः टाइप केली. पाय सुटले, मध्ये ठिपक्यांची वर्तुळं छापली गेली, सगळा लॉट रद्दीत. तेव्हापासून अंतिम फाइल कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्र करूनच, देतो.

प्रूफ खऱ्या मापात, कागदावर, ख्मेर वाचणाऱ्याकडून तपासून घ्या. तरी एक गोष्ट त्यालाही दिसणार नाही: ‘त’ आणि ‘ड’ यांचे पाय हुबेहूब सारखे असतात. कार्टनवर त्याने बिघडत नाही. पण तेच मॅटर वेबसाइटवर जाणार असेल तर चुकीच्या टाइपिंगमुळे शोधात सापडत नाही. तसं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, ती तपासणी आम्ही वेगळी करतो.