पार्श्वभूमी : तिने प्रतिकार केला तेव्हा

अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रीच्या हातून कुणी मेलं, की मोबाइलच्या पडद्यावर ती एक तर चवताळलेली दिसते, नाही तर बिचारी. जीव वाचवण्यासाठी लढलेली बाई म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिलं जातं. ही खोड इंटरनेटने लावलेली नाही.

१८५५ साली मिसुरी राज्यात सीलिया या गुलाम तरुणीने वर्षानुवर्षं बलात्कार करणाऱ्या मालकाला ठार केलं. बळजबरीविरुद्धचा तिथला कायदा ‘कोणत्याही स्त्री’साठी होता. त्यात गुलाम स्त्रीही येते, हे न्यायाधीशांनी मानलं नाही. डिसेंबरात सीलिया फासावर गेली.

पुढची नोंद १९७४ची, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका तुरुंगाची. विशीतल्या जोॲन लिटलच्या कोठडीत जेलर मेलेला सापडला, कमरेखाली उघडा. बर्फ फोडायच्या टोच्याचे वार झाले होते. तरीही सरकारी पक्षाचं म्हणणं असं, की पळून जाण्यासाठी तिनेच त्याला भुलवलं! कृष्णवर्णीय बाई म्हणजे चारित्र्याची सैल, हा गुलामगिरीतला समज न्यायालयात जसाच्या तसा हजर होता. या वेळी मात्र स्त्री संघटना आणि नागरी हक्क चळवळ तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ज्युरीने दीड तासाच्या आत तिला निर्दोष सोडलं.

ऑनलाइन काळात चळवळीचं हे काम हॅशटॅगकडे आलं. फ्लोरिडात मरिसा अलेक्झांडरने नवऱ्याच्या भीतीने इशाऱ्याची गोळी झाडली. कुणाला ओरखडाही आला नाही, तरी २०१२मध्ये तिला २० वर्षांची शिक्षा झाली. गदारोळानंतर फेरसुनावणीचा आदेश निघाला आणि अखेर तडजोडीतून ती २०१५मध्ये तुरुंगाबाहेर आली.

सिंटोया ब्राउनचं प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं. २००४मध्ये नॅशव्हिलमध्ये तिने शरीरसुखासाठी आपल्याला घेऊन गेलेल्या माणसाला गोळी घातली. तेव्हा ती १६ वर्षांची होती. तिला जन्मठेप झाली. २०१७मध्ये रिहाना, किम कार्दाशियन यांच्या पोस्टनंतर तीच मुलगी मानवी तस्करीची बळी म्हणून घरोघरी पोचली. फोटो फिरला तो मात्र किशोरवयातला, वेण्या घातलेला. प्रत्यक्षात ती २९ वर्षांची झाली होती. सहानुभूतीसाठी तिला पुन्हा लहान व्हावं लागलं. ऑगस्ट २०१९मध्ये, १५ वर्षांनी, ती सुटली. राज्यपालांनी शिक्षा कमी केली होती. दोषी ठरवणारा निकाल त्याने पुसला गेला नाही.