मोठा टीव्ही: पेटीवाला प्रोजेक्शन दुरुस्त करावा, की भिंतीवरचा फ्लॅट घ्यावा?

"टीव्ही मोठा आहे, भावाने दुबईहून आणलेला. आवाज येतो, चित्र येत नाही. दुरुस्त होईल ना?" असा फोन आला की आम्ही कंपनी नंतर विचारतो. आधी विचारतो, मागची पेटी किती खोल आहे? दीड-दोन फूट असं उत्तर आलं, की तो बॅक प्रोजेक्शन टीव्ही. रत्नागिरीच्या आसपास काही घरांत तो अजून आहे. निदान टीव्ही-स्टँड म्हणून तरी आहे, कारण त्याच्या डोक्यावर दुसरा टीव्ही ठेवलेला असतो.

त्याचं काय करायचं आणि त्याच्या जागी काय घ्यायचं, हे दुकानात उभ्या-उभ्या सांगून होत नाही, म्हणून हा कागद. एकच गोष्ट लक्षात घ्या: पडद्यावरचा उजेड येतो कुठून? ते कळलं की बिघाडही कळतो आणि निवडही सोपी होते.

पेटीच्या आत काय असतं

प्रोजेक्शन टीव्हीत पेटीच्या तळाशी एक छोटा प्रोजेक्टर असतो. त्याचा उजेड मागच्या मोठ्या आरशावर आपटून पडद्याच्या पाठीवर पडतो. म्हणून पेटी खोल.

जुन्या प्रकारात लाल, हिरवी, निळी अशा तीन लहान पिक्चर ट्यूब असतात. तिघींची चित्रं पडद्यावर तंतोतंत एकावर एक बसावी लागतात. ती सरकली की अक्षरांना लाल-निळी किनार दिसू लागते. यालाच कन्व्हर्जन्स गेलं म्हणतात, आणि दोष बहुतेक वेळा तापून गेलेल्या कन्व्हर्जन्स आयसीचा, म्हणजे ती चित्रं जुळवणाऱ्या चिपचा असतो. आयसी मिळाला तर हे काम होतं. पण ट्यूबच्या तोंडाशी थंडाव्यासाठी एक द्रव भरलेला असतो, तो गढूळ झाला किंवा गळून बोर्डावर उतरला, तर खर्च वाढत जातो. आपल्याकडच्या दमट हवेत भिंगांवर बुरशीही धरते. चित्रावर धुकं पसरल्यासारखं वाटत असेल, तर केबलवाल्याला बोल लावण्याआधी आत पाहू द्या.

नंतरच्या प्रकारात ट्यूबऐवजी एक प्रखर दिवा आणि चित्र घडवणारी चिप असते. दिव्याचं आयुष्य काही हजार तासांचं. घरात रोज ६ तास टीव्ही चालत असेल, तर वर्षाला सुमारे २२०० तास होतात. हिशेब तुम्हीच करा. दिवा गेला की आवाज येतो, पडदा काळा. तो बदलता येतो, पण सुटा, नक्की जुळणारा आणि चांगला दिवा मिळणं आता नशिबाची गोष्ट आहे. यातल्या डीएलपी टीव्हीत पडद्यावर पांढरे ठिपके चमकत असतील, तर मात्र दिव्यावर एक रुपयाही घालू नका. त्या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात. त्यांतले काही अडकून बसले की ठिपके उमटतात आणि ते वाढत जातात. चिप बदलणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

सुटे भाग का मिळत नाहीत, याचं कारण साधं आहे. सोनीने या टीव्हींतून बाहेर पडत असल्याचं डिसेंबर २००७ मध्ये जाहीर केलं आणि शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या मित्सुबिशीने डिसेंबर २०१२ मध्ये. आता एका मेलेल्या टीव्हीचा भाग काढून दुसऱ्याला बसवायचा, एवढंच हातात उरतं.

तरी या टीव्हीला वाईट म्हणणार नाही. ज्या काळात तेवढ्याच आकाराचा प्लाझ्मा (तेव्हाचा पातळ टीव्ही) बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होता, त्या काळात ५० इंची चित्र यानेच घरात आणलं. खोड एकच: पडद्यावरच्या बारीक उभ्या रेघा उजेड डावी-उजवीकडे पसरवतात, वर-खाली फारसा नाही. खुर्चीवरच्या आजोबांना झकास दिसायचं आणि खाली सतरंजीवरची पोरं "अंधुक दिसतंय" म्हणून ओरडायची. आजोबांना ते नखरे वाटायचे. पोरांचं बरोबर होतं.

फ्लॅट म्हणजे नक्की कोणता

प्लाझ्मा विसरा. पॅनासोनिकने २०१३ अखेर त्याचं उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजीने २०१४ मध्ये. कुणी "एकदम टॉप कंडिशन" म्हणून जुना प्लाझ्मा विकत असेल, तर नमस्कार करून पुढे जा.

आज 'एलईडी टीव्ही' म्हणून मिळतो तो खरं तर एलसीडी पॅनेलच. त्याच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात. म्हणजे उजेड अजूनही मागूनच येतो, दोन फुटांची पेटी दोन-तीन इंचांवर आली, इतकंच. इथेही आवाज आहे आणि चित्र नाही असं होतं. तेव्हा खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्च तिरका धरा. चित्र पुसटसं हलताना दिसलं, तर पॅनेल बहुधा ठीक आहे, पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारा भाग गेलाय. हे काम आम्ही करतो आणि ते परवडतं. पॅनेलला तडा असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडा; नव्या पॅनेलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळपास जाते.

ओएलईडी हा फ्लॅटचा दुसरा प्रकार. त्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो, म्हणून काळा रंग खरा काळा. रात्री सिनेमे बघणाऱ्याने पैसे असतील तर तोच घ्यावा. पण ज्या घरात सकाळपासून बातम्यांचं एकच चॅनेल लागलेलं असतं, तिथे आम्ही तो सुचवत नाही. कोपऱ्यातला तोच लोगो तासन् तास राहिला, की त्याची सावली पडद्यावर कायमची बसू शकते.

किती इंची?

५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद असतो, ६५ इंची सुमारे १४४. ४३ ऐवजी ५५ घेतला तर इंच १२ वाढतात, पण चित्राचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं. बसायची जागा दहा फुटांवर असेल, तर ४३ इंचात फुल एचडी आणि फोर-के यांतला बारकावा डोळ्यांना कळत नाही. तिथे 'के' मोजण्यापेक्षा आकार वाढवा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, म्हणजे लहान टीव्हीला जेवढा, तेवढाच मोठ्यालाही.

आणि लेझर प्रोजेक्टर?

गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की हा प्रश्न हमखास येतो. भिंतीपासून वीतभर अंतरावर कपाटावर ठेवायचा आणि वर १०० इंची चित्र: २२१ सेंटीमीटर रुंद, १२५ उंच. दिसतं भारी, वादच नाही. पण इथे उजेड पुढून भिंतीवर पडतो, आणि भिंतीवर काळा रंग कुणी पाडू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे तुमच्या खोलीतला अंधार, बस्स. माजघरात तो छान चालेल. ओटीवर, समोरचं दार उघडं टाकून दुपारची मॅच बघायची असेल, तर फ्लॅटच घ्या. वरचा उजेड अडवणारा खास पडदा घेतला तर फरक पडतो, पण त्याची किंमत वेगळी धरा. ऑनलाइन स्वस्तातले प्रोजेक्टर हजारो 'ल्युमेन्स' (उजेडाचं माप) सांगतात; त्यात 'एएनएसआय' ल्युमेन्स, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, किती, तेवढंच विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तेच उत्तर समजा.

पावसाळा

आमच्याकडे जून ते सप्टेंबरात येणारे बरेच टीव्ही विजेने मेलेले असतात. स्टॅबिलायझर व्होल्टेजचा चढ-उतार सांभाळतो, वीज कोसळल्यावर काही करू शकत नाही. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा आणि डिशची वायरही काढा. दुसरी गोष्ट लोक विसरतात. अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून एकदा तपासून घ्या. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं.

जुना टीव्ही टाकताना

घरी उघडू नका. ट्यूबवाल्या टीव्हीत प्लग काढल्यावरही झटका बसू शकतो, ट्यूबच्या काचेत शिसं असतं, दिवेवाल्याच्या दिव्यात पारा. भंगारवाल्याकडे फोडायला देऊ नका. आमच्याकडून नवा घेतलात तर जुना आम्ही उचलतो आणि अधिकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवतो.

आतला आरसा कपाटाला लावायचा म्हणून काही जण मागून घेतात. चालेल, पण त्याचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो. फडक्याने घासलात की गेला. पडद्यातली गोल-गोल रेघांची पारदर्शक शीट मात्र आम्ही कुणालाही देत नाही. ती एवढं मोठं भिंगच आहे. उन्हात अंगणात ठेवली, तर गवताच्या गंजीला आग लावायला पुरेशी.

दुकानात येताना भिंतीची रुंदी, बसायच्या जागेपासूनचं अंतर आणि दुपारी दोन वाजता त्या खोलीचा फोनवर काढलेला एक फोटो घेऊन या. प्रोजेक्शन टीव्ही उचलून आणू नका, कंबर जाईल. आम्ही घरी येऊन बघतो. गणपतीच्या आधीचे १५ दिवस मात्र धरू नका, तेव्हा आम्हाला जेवायलाही सवड नसते.