गेमआधी कॅश रिकामी करून काही मिळत नाही

जुन्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये गेम लावण्याआधी 'ड्रॉप कॅशेस' या सिस्टिमच्या फाईलमध्ये ३ लिहून रॅम मोकळी करा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याने आकडा सुधारतो, गेम नाही.

'फ्री' कमांड चालवली की ४ जीबीपैकी जेमतेम २०० एमबी मोकळी दिसते आणि माणूस घाबरतो. बघायचा तो शेवटचा रकाना, 'अव्हेलेबल'. पडून असलेल्या रॅममध्ये लिनक्स डिस्कवरून वाचलेल्या फायली ठेवतं, हीच कॅश. गेमने जागा मागितली की त्यातल्या बऱ्याचशा लगेच सोडून देतं. त्या आधीच हाकलल्या तर गेमला पुन्हा डिस्कवर जावं लागतं. फिरती हार्डडिस्क असेल तर लोडिंग उलट रेंगाळतं.

'अव्हेलेबल'च तळाला गेलं असेल तर मात्र टंचाई खरी. आधी ब्राउझर बंद करा (गेम सोडला तर सगळ्यात मोठा खादाड बहुधा तोच). मग झेडरॅम ही लिनक्सची सोय लावा: स्वॅपची पानं, म्हणजे रॅम कमी पडली की एरवी डिस्कवर हलवले जाणारे मेमरीचे तुकडे, डिस्कवर न जाता रॅममध्येच कॉम्प्रेस होऊन राहतात, प्रोसेसरला थोडं काम वाढतं इतकंच.

आणि स्वॅप साफ बंद करू नका. स्वॅप नसताना रॅम संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) एखादा प्रोग्राम थेट मारतो, सहसा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेला. म्हणजे बहुतेक वेळा गेमच.