धीर देणं आणि विश्वास टाकणं

स्वतःच्या कुवतीविषयी शंका घेऊन बसलेल्या मित्राला आपण बहुतेक वेळा धीर देतो. 'अरे, तुला सहज जमेल', 'उगाच घाबरतोस', 'तू किती हुशार आहेस!' एवढं बोललो की आपण त्याच्यावर विश्वास दाखवला, असं आपल्याला वाटतं. धीर देणं आणि विश्वास टाकणं ही दोन्ही कामं मैत्रीतलीच, दोन्हींच्या मागे मायाच असते, त्यामुळे ती एकच वाटणं साहजिक आहे. पण शंका मुळातून कमी करायची असेल, तर या दोहोंत बराच फरक पडतो.

धीर समोरच्याची आत्ताची तगमग कमी करतो. विश्वास टाकताना आपण स्वतःची काही मोलाची गोष्ट त्याच्या हाती सोपवतो आणि मग मध्ये पडत नाही. एक मैत्रीण म्हणते, 'तू छान लिहितेस.' दुसरी म्हणते, 'माझा अर्ज उद्या जायचाय, आज तू तपासून दे.' पहिलीचं ऐकून बरं वाटतं, पण शंकेखोर मन ती स्तुती लगेच परतवून लावतं: मैत्रीणच ती, असंच म्हणणार. दुसरीच्या बाबतीत हा युक्तिवाद चालत नाही. केवळ मन राखायला कुणी स्वतःचा अर्ज पणाला लावत नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये 'हे मला जमेल' ही खात्री कुठून येते याची मांडणी केली. त्यांनी चार उगम सांगितले: स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणं, इतरांनी शब्दांनी दिलेला भरवसा, आणि आपल्या शरीरमनाची त्या वेळची अवस्था. यांत स्वतः केलेलं काम सर्वांत बळकट. शब्दांचा भरवसा त्या मानानं कच्चा, कारण पहिल्या अपयशातच तो विरू शकतो. धीर या तिसऱ्या उगमात बसतो. टाकलेला विश्वास मात्र माणसाला पहिल्या उगमापर्यंत नेऊन सोडतो, कारण त्यानंतर काम करावंच लागतं आणि झालेलं काम डोळ्यांसमोर राहतं.

नुसती स्तुती काही वेळा उलटतेही. 1978 मध्ये पॉलीन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी अशा कर्तबगार स्त्रियांविषयी लिहिलं, ज्यांना पदव्या आणि मानसन्मान मिळूनही आपण सगळ्यांना फसवतोय असंच वाटत राहायचं. अशा मनःस्थितीत कुणी आणखी वाखाणलं, तर उघडं पडायची भीतीच वाढू शकते. शिवाय धीर मागायची सवय लागते. 'खरंच जमेल ना?' हा प्रश्न रोज यायला लागला की मित्र थकतो, त्याच्या स्वरात कोरडेपणा येतो, विचारणाऱ्याला तो लगेच जाणवतो आणि शंका दुप्पट होते. मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी 1976 मध्ये नैराश्याच्या संदर्भात हे चक्र मांडलं होतं. मैत्रीतही ते ओळखीचं वाटावं असं आहे.

विश्वास टाकणं कसं दिसतं, यासाठी मला चार्ल्स डार्विन आणि जोसेफ हूकर यांची मैत्री फार मोलाची वाटते. सजीवांच्या जाती बदलत जातात, हा विचार डार्विन कित्येक वर्षं मनात बाळगून होते. 11 जानेवारी 1844 च्या पत्रात त्यांनी तो हूकर यांना सांगितला, तोही 'खुनाची कबुली दिल्यासारखं वाटतं' असं म्हणत. हूकर वनस्पतिशास्त्रज्ञ होते, वयानं डार्विन यांच्याहून आठ वर्षांनी लहान. त्यांनी 'तुमचंच बरोबर' अशी पाठ थोपटली नाही. असा हळूहळू होणारा बदल शक्य आहे आणि तो कसा घडतो याविषयी तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल, असं त्यांनी उत्तरात लिहिलं. 1847 मध्ये त्यांनी डार्विन यांचं अप्रकाशित टिपण वाचलं. वनस्पतींविषयीची माहिती ते पुरवत राहिले, आणि जिथे पटलं नाही तिथे स्पष्ट विरोधही करत राहिले. समुद्रातून वाहत दूर जाताना बिया खाऱ्या पाण्यात टिकतील याविषयी हूकर साशंक होते, तेव्हा डार्विन यांनी बिया भिजत घालून प्रयोगच केले. 1 जुलै 1858 रोजी हा विचार लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत वाचला गेला, तेव्हा तो पुढे ठेवणाऱ्या दोघांत हूकर होते.

मित्राचा विरोध हाही विश्वासाचाच प्रकार असू शकतो, असं मी ठामपणे म्हणेन. 'हा मुद्दा कच्चा आहे, पुन्हा बघ' असं आपण त्यालाच म्हणतो, ज्याला ते पक्कं करता येईल असं आपण मानतो. शंकेखोर मित्राच्या कामातल्या चुका दडवणं म्हणजे त्याला ते पेलणार नाही, हे मनोमन ठरवून टाकणं.

विश्वासाच्या नावाखाली आणखी एक गोष्ट खपते, ती म्हणजे पाण्यात ढकलून देणं. आवाक्याबाहेरचं काम गळ्यात मारायचं आणि निघून जायचं, याला विश्वास म्हणता येत नाही. सोपवलेलं काम सध्याच्या आवाक्यापेक्षा थोडंसंच मोठं हवं, गरज पडली तर मित्र हाताशी हवा, आणि काम बिघडलं तरी मैत्री बिघडणार नाही हे दोघांना आधीच माहीत हवं. यातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे मध्येच काम काढून न घेणं. 'दे, मीच करतो' हे तीन शब्द महिन्याभराच्या कौतुकावर पाणी फिरवतात. मदत जाणवली, तर तिचीही किंमत मोजावी लागते. मानसशास्त्रज्ञ नायल बोल्गर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी आणि त्यांचे जोडीदार यांचा अभ्यास केला. जोडीदारानं केलेली पण परीक्षार्थीच्या लक्षात न आलेली मदत मनाला अधिक उपयोगी पडली.

धीर टाकाऊ आहे असं मात्र मुळीच नाही. दुःखात, आजारपणात, परीक्षेच्या आदल्या रात्री माणसाला काम नको असतं, सोबत हवी असते. तेव्हा जवळ बसावं, हात धरावा.

एरवी रोज 'जमेल ना?' विचारणाऱ्या मैत्रिणीला नवं आश्वासन देण्याऐवजी असं म्हणून बघता येतं: 'ते मी सांगून झालंय. आता पहिलं पान लिही, मी इथेच बसते. झालं की वाचून अडलेली जागा दाखवते.' आणि ती लिहीत असताना वहीत डोकावायचं नाही.