कवकांच्या चयापचयाचे संगणकीय प्रारूपण

यीस्ट, काळी बुरशी यांसारख्या कवकांच्या पेशीत शिरलेल्या साखरेचे पुढे काय काय होते, याचा रासायनिक जमाखर्च संगणकावर मांडण्याची पद्धत. इंधन किंवा रसायन अधिक मिळावे म्हणून कोणते जनुक काढावे, कोणते घालावे, हे प्रयोगशाळेत हात घालण्यापूर्वी जोखण्यासाठी ती वापरतात.

जमाखर्च हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बनतात. म्हणून 100 ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 51 ग्रॅम इथेनॉल मिळते. यीस्ट कितीही सुधारले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. एका वाटेचा हिशेब कागदावर होतो. पेशीत मात्र हजाराहून अधिक अभिक्रिया एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि तिथे संगणक लागतो. जीनोमवरून, म्हणजे पेशीच्या संपूर्ण जनुकीय माहितीवरून, पेशीत कोणती एन्झाइमे आहेत हे ठरवतात, प्रत्येकाची अभिक्रिया एका मोठ्या तक्त्यात नोंदवतात आणि मधला कोणताही पदार्थ जेवढा तयार होतो तेवढाच खर्च होतो अशी अट घालतात. एवढ्याने एकच उत्तर मिळत नाही. म्हणून ‘वाढ जास्तीत जास्त व्हावी’ असे उद्दिष्ट देऊन रेषीय प्रोग्रॅमिंगने, म्हणजे दिलेल्या अटींत सर्वांत चांगला पर्याय शोधणाऱ्या गणिती पद्धतीने, उत्तर काढतात. याला प्रवाह-संतुलन विश्लेषण म्हणतात.

बेकरीच्या यीस्टचा जीनोम 1996 मध्ये पूर्ण वाचला गेला आणि 2003 मध्ये त्याचे 708 जनुकांचे प्रारूप प्रसिद्ध झाले. सायट्रिक आम्ल देणाऱ्या ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीचे 871 जनुकांचे प्रारूप 2008 मध्ये आले. जिवाणूंपेक्षा हे काम किचकट असते, कारण कवकाची पेशी कप्प्याकप्प्यांची असते. तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जा देणाऱ्या कप्प्यात) तयार झालेले ॲसिटिल-को-ए हा मेदाचा कच्चा माल असला, तरी तो पेशीद्रवातल्या मेदनिर्मितीला थेट वापरता येत नाही. कोणता पदार्थ कोणत्या कप्प्यात आहे हे चुकले, तर पुढचे सगळे उत्तर चुकते.

या हिशेबाची खरी किंमत झायलोजच्या उदाहरणात कळते. लाकूड आणि पिकांचे अवशेष यांत ही साखर भरपूर असते, पण बेकरीचे यीस्ट ती वापरू शकत नाही. त्यात दुसऱ्या यीस्टची दोन एन्झाइमे घातली, तरी झायलिटॉल हा अर्धवट रूपांतरित पदार्थ बाहेर पडत राहतो. कारण जमाखर्चात दिसते: झायलोजचे झायलिटॉल करणारे पहिले एन्झाइम मुख्यतः एनएडीपीएच खर्च करते आणि झायलिटॉलचे झायल्युलोज ही पुढची साखर करणारे दुसरे एनएडीएच तयार करते; हे दोन्ही पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू आहेत. दोन्ही नाणी वेगळी, त्यामुळे ऑक्सिजन नसताना एनएडीएच तुंबते आणि दुसरी पायरी अडते. एकाच पायरीत झायलोजचे झायल्युलोज करणारे एन्झाइम घातले की हा पेच उरतच नाही. ते एन्झाइम पायरोमायसीस या बुरशीत सापडले. ही बुरशी हत्तीच्या विष्ठेतून वेगळी केलेली होती.

प्रारूप चुकते तेव्हाही ते बरेच शिकवते. साखर मुबलक असली की बेकरीचे यीस्ट ऑक्सिजन असतानाही इथेनॉल बनवते. साधे प्रारूप मात्र त्याने पूर्ण श्वसन करावे असे सांगते, कारण त्यात वाढ जास्त होते. पेशीत एन्झाइमांसाठी लागणारे प्रथिन मर्यादित आहे ही अट 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गेको’ पद्धतीने जोडली आणि उत्तर प्रत्यक्षाशी जुळू लागले. यारोविया लिपोलिटिका हे यीस्ट नायट्रोजन कमी पडला की मेद साठवते, आणि हा मेद बायोडिझेलसाठी उपयोगी असतो. केवळ वाढीचे उद्दिष्ट दिले, तर संगणकाला मेद साठवणे हा तोटाच वाटतो. म्हणून तिथे उद्दिष्टच बदलावे लागते.

जनुकांचे नियंत्रण मात्र या तक्त्यात मुळातच नसते. काळ्या बुरशीकडून भरपूर सायट्रिक आम्ल मिळवायचे, तर माध्यमात मँगनीज अगदी अत्यल्प ठेवावे लागते. ही गोष्ट उद्योगाला अनुभवातून कळली; केवळ अभिक्रियांच्या हिशेबातून ती निघत नाही.