एम-सील का निघतं? जुन्या गाडीचे मोडके भाग आणि विदर्भातलं ऊन

तालुक्याच्या गावी उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या ओम्नीत किंवा मारुती ८०० मध्ये डोकावून पाहा. काच वरखाली करायच्या हँडलच्या मुळाशी राखाडी एम-सीलचा गोळा, डॅशबोर्डच्या कोपऱ्यावर फेविक्विकचे पांढुरके डाग आणि बंपरच्या चिरेला तांब्याच्या तारेचे टाके. यांतले टाके सहसा शाबूत असतात. गोळा मात्र खुळखुळतो आणि फेविक्विकचा जोड पुन्हा उकललेला असतो. तारेला चिकटावं लागत नाही, एवढंच तिचं गुपित. गोंदाला चिकटावं लागतं, आणि सगळीच प्लॅस्टिकं त्याला जवळ करत नाहीत.

गाडीत मुख्यतः चार प्लॅस्टिकं भेटतात. बंपर, चाकावरचं आतलं मडगार्ड, बॅटरीचा डबा हे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे पीपीचे. समोरची जाळी, आरशाचं कवच, हवेच्या झडपा, डॅशबोर्डवरच्या पट्ट्या अनेकदा एबीएसच्या. क्लिपा आणि रेडिएटरच्या टाक्या नायलॉनच्या. काचेला धरणारा सरकता तुकडा, गिअरच्या दांड्यातला बुश, लॉकमधल्या लहान पट्ट्या यांत पीओएम नावाचं गुळगुळीत, हाडासारखं कडक प्लॅस्टिक खूप वापरतात. भाग सोडवून उलटा केला की आतल्या बाजूला दोन बाणांच्या मध्ये त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत कोरलेलं सापडतं. फार जुन्या गाड्यांत ही खूण नसते. मग तुटलेल्या कडेचा नखाएवढा तुकडा कापायचा आणि पेलाभर पाणी घ्यायचं.

पीपीची घनता ०.९ च्या आसपास, म्हणून ते साध्या पाण्यावर तरंगतं. एबीएस साधारण १.०५, नायलॉन १.१४ आणि पीओएम १.४१, म्हणून ही तिन्ही बुडतात. आता २०० मिली पाण्यात ६० ग्रॅम मीठ विरघळवा. या खाऱ्या पाण्यात एबीएस आणि साधं नायलॉन वर येतं, पीओएम तळाशीच राहतं. दोन ठिकाणी ही परीक्षा फसवते. बंपरच्या पीपीत अनेकदा टाल्कची भुकटी मिसळलेली असते, त्यामुळे ते साध्या पाण्यात बुडू शकतं. काचतंतू घातलेलं नायलॉन तर खाऱ्या पाण्यातही बुडतं. म्हणून दुसरी खात्री करावी. तुकड्यावर ॲसिटोनचा थेंब टाकून मिनिटभराने बोट लावा. चिकट लागलं तर एबीएस, ढिम्म कोरडं राहिलं तर बाकीच्यांपैकी कुणी. ॲसिटोन म्हणून नखांचं पॉलिश काढायची बाटली आणली तर तिच्यावरचा मजकूर वाचून घ्या, काही बाटल्यांत ते नसतंच.

पीपीला गोंद का धरत नाही, याचं उत्तर आपल्या भाषेत आधीच आहे: अळवावरचं पाणी. द्रव पसरायचा असेल तर खालच्या पृष्ठभागाची ओढ त्या द्रवाच्या स्वतःच्या ताणापेक्षा जास्त हवी. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, एम-सील आणि अराल्डाइट ज्यापासून बनतात त्या इपॉक्सीचा ४५ च्या घरात, तर पीपीच्या पृष्ठभागाची ऊर्जा जेमतेम ३०. इपॉक्सी पसरते ती आपण बोटाने दाबतो म्हणून. आतून ती अंग चोरूनच बसलेली असते. पहिल्या खड्ड्यात अख्खा गोळा पापुद्र्यासारखा सुटतो, आणि सुटलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत दिसते. ती तशी दिसली की समजावं, चूक मालाची नव्हती, जोडीची होती. (अळूच्या पानावर मेणासोबत सूक्ष्म उंचवटेही असतात, त्यामुळे तिथे पाण्याची आणखीच फजिती होते.)

एबीएस हा यांतला सर्वांत गुणी. तो ॲसिटोनमध्ये विरघळतो, म्हणजे त्याला गोंद बाहेरून आणावाच लागत नाही. कबाडीवाल्याकडून एबीएसचा कुठलाही फुटका भाग घ्या, रंग काढून टाका, कातरीने बारीक तुकडे करा. १० ग्रॅम तुकडे आणि २५ मिली ॲसिटोन काचेच्या बाटलीत घालून रात्रभर ठेवा. सकाळी काकवीसारखं दाट झालं की तयार. फार पातळ असेल तर आणखी तुकडे टाका. तुटलेल्या दोन्ही कडा १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, ब्रशने आधी नुसतं ॲसिटोन फिरवा, मग हा लगदा लावून दाबून धरा. मागच्या बाजूने पातळ सुती कापडाची पट्टी लगद्यात भिजवून बसवली तर जोड मूळच्या भागाइतका टिकू शकतो, कारण इथे चिकटणं नाही, दोन्ही कडांच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात. घाई मात्र इथेच नडते. वरून तासाभरात वाळलेलं दिसतं, पण आतलं ॲसिटोन निघायला दोन दिवस लागतात. त्याआधी स्क्रू आवळला की लगदा रबरासारखा सरकतो.

ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्धा ४५ अंशांवर असतात तेव्हा उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० च्या पुढे जातो. ही बाटली गाडीत विसरायची नाही, आणि चुलीजवळ, बिडीजवळ उघडायचीही नाही. शिवाय अनेक गाड्यांत हेडलाइटची काच खऱ्या काचेची नसून पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते. तिच्यावर ॲसिटोनचा थेंब पडला तर बारीक तडे जाऊन ती कायमची धुरकट होते.

पीपीला मात्र वितळवूनच जोडावं लागतं. २५ ते ३५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, चहाच्या जुन्या गाळणीची स्टीलची जाळी आणि पीपीच्याच पातळ पट्ट्या एवढं सामान पुरतं. आधी चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा. चिरेच्या अणकुचीदार टोकावर सगळा ताण एकवटतो. भोक त्याला गोलाईवर वाटून देतं, आणि चीर पुढे धावत नाही. हे भोक न पाडता केलेली डागडुजी जागेवर टिकते, पण चीर तिला वळसा घालून पुढे जाते. मग मागच्या बाजूने चिरेवर आयर्नच्या टोकाने इंग्रजी व्हीसारखी, जाडीच्या निम्म्या खोलीची खाच काढा. जाळीची १५ मिमी रुंद पट्टी चिरेवर ठेवून आयर्नने दाबा, म्हणजे ती प्लॅस्टिकमध्ये अर्धी बुडेल. वरून पीपीची पट्टी वितळवून लिंपा. पीपी १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि आयर्नचं टोक ३५० च्या पुढे असतं, म्हणून एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. काळपट धूर निघाला तर ते प्लॅस्टिक जळालं, त्याची ताकद गेली, खरवडून काढा. काम मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून.

या कामात सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे भरण म्हणून झिप टाय, म्हणजे वायरी बांधायची दातेरी पट्टी, वितळवणं. झिप टाय नायलॉनचा असतो. पीपीवर तो तेलावरच्या पाण्यासारखा बसतो आणि थंड झाल्यावर नखाने निघतो. भरणासाठी तशाच फुटक्या बंपरची कातरण सर्वांत उत्तम. नाहीतर तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला डबा चालतो. २ आकड्याचा डबा पॉलिइथिलीनचा, तो नको. झिप टाय नायलॉनच्या भागाला मात्र कामी येतो, आणि वितळवण्याऐवजी टाके घालायचे असतील तर कशालाही चालतो: कडेपासून ८ मिमी आत, १५ मिमी अंतराने ४ मिमीची भोकं. काळा टाय घ्यावा. त्यातली काजळी अतिनील किरणं अडवते. पांढरा टाय आपल्या उन्हात एकदोन उन्हाळ्यांत काडीसारखा तुटतो.

पीओएमच्या नादी लागू नये. त्याला गोंद धरत नाही, आणि तापवलं तर डोळ्यांना झोंबणारा फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. काचेचा सरकता तुकडा फुटला असेल तर ३ मिमीचा नटबोल्ट आणि दोन वॉशर, किंवा कबाडातला दुसरा तुकडा.

आता त्या खुळखुळणाऱ्या हँडलकडे येऊ. हँडलच्या आतले दाते झिजले की दांडा फिरतो, काच हलत नाही. हँडल काढायला स्क्रू शोधू नका. ते मागे घोड्याच्या नालासारख्या स्प्रिंगने अडकवलेलं असतं. हँडल आणि दाराच्या पॅडच्या फटीत जुन्या धोतराची पट्टी घालून दोन्ही टोकं धरून ओढ द्या, स्प्रिंग टणकन उडते. ती शोधत बसायचं नसेल तर खाली चादर टाका. मग बाहेरून गोळा थापण्याऐवजी आतले दाते नव्याने ओता. दाराकडच्या लोखंडी दात्यांना आणि स्प्रिंगच्या खाचेला व्हॅसलीनचा पातळ हात द्या. हँडलच्या भोकात ब्लेडने खरवडून आडव्या खाचा पाडा, म्हणजे भरण नुसतं चिकटणार नाही, अडकेलही. लोखंडाची भुकटी असलेली संथ इपॉक्सी समसमान मिसळून भोकात पातळ लिंपा. काच पूर्ण बंद असताना पलीकडच्या दाराचं हँडल ज्या दिशेला आहे त्या दिशेला हे बसवा आणि २४ तास हात लावू नका. दात्यांचा ठसा आत उमटतो. व्हॅसलीन विसरलात तर हँडल कायमचं चिकटतं, जास्त झालं तर ठसा ढिला येतो.

इपॉक्सीबाबत दोन गोष्टी इथल्या हवामानातल्या. तापमान १० अंशांनी वाढलं की घट्ट होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून पाच मिनिटांची इपॉक्सी मेमध्ये दीड-दोन मिनिटांतच आटोपते. थोडी-थोडीच कालवा, आणि गोळा न करता फरशीच्या तुकड्यावर पसरून ठेवा, कारण गोळ्यात उष्णता कोंडून ती आणखी लवकर गोठते. दुसरी गोष्ट, घरगुती इपॉक्सी ५०-६० अंशांपुढे पुन्हा मऊ पडू लागते. सावलीत घट्ट झाल्यावर दिवसभर, भार न देता, उन्हात ठेवली तर ही मर्यादा थोडी वर सरकते. उन्हाचा एवढा फायदा तरी घ्यावा! ग्लू गनच्या मेणट कांड्या मात्र डॅशबोर्डजवळ वापरूच नयेत.

फेविक्विक जातीचा गोंद, म्हणजे सायनोॲक्रिलेट, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. पावसाळ्यात तो क्षणात धरतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तोच रेंगाळतो, मग माणूस आणखी चार थेंब ओततो आणि जाड, ठिसूळ थर तयार होतो. जोडावर आधी तोंडाची वाफ द्या, थेंब एकच. एबीएसमधलं स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात खाण्याचा सोडा २ मिमी भरा, दोन थेंब टाका, पुन्हा सोडा, पुन्हा थेंब. सोड्याचा अल्कधर्म गोंदाला लगेच गोठवतो आणि दगडासारखा थर बनतो. मग १.५ मिमीचं नवीन भोक पाडा. वाफ नाकात जाऊ देऊ नका. आणि सांडलेला गोंद कापसाच्या बोळ्याने कधीही पुसू नका: कापसावर तो इतक्या झपाट्याने गोठतो की धूर निघतो आणि बोटं भाजतात. पऱ्हाटीच्या मुलखात हाताशी पहिला कापूसच येतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची नळी यांना यांतलं काहीही लावायचं नाही. कूलंटच्या टाकीबाबत गोंधळ होतो, कारण दोन वेगळ्या वस्तूंना लोक एकच नाव देतात. जुन्या मारुतीत रेडिएटरचं झाकण रेडिएटरवरच असतं आणि बाजूची बाटली फक्त उतू आलेलं पाणी धरते. तिच्यात दाब नसतो. ती फुटली तर तळाची खूण पाहून, त्याच जातीच्या पट्टीने आयर्नने जोडा, चालते. नंतरच्या अनेक गाड्यांत मात्र बाटलीच दाबाखाली असते आणि तिच्या झाकणावर १.१ किंवा १.४ असा बार या दाबाच्या मापातला आकडा असतो. आत १०० अंशांच्या आसपासचं पाणी. असा आकडा दिसला तर नवीन बाटली आणा, आणि झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा.