संगतीने लागलेली सिगारेट आणि सिगारेटसाठी धरलेली संगत

दहावी-अकरावीतल्या मुलाच्या खिशात काडेपेटी सापडली की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांमध्ये पहिले वाक्य बहुधा ‘संगत बिघडली’ हेच असते. या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कधी मित्र ओढतात म्हणून मुलगा ओढू लागतो; कधी मुलगा आधीच तिकडे झुकलेला असतो आणि त्याला सांभाळून घेतील असे मित्र तो शोधून काढतो. टपरीवर उभी असलेली चौकडी मात्र दोन्ही बाबतींत सारखीच दिसते.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण येथे सर्रास वापरतो. पण बैलाला कुठे बांधायचे हे मालक ठरवतो, सोळा वर्षांचा मुलगा आपली दावण बरीचशी स्वतः निवडतो.

समाजशास्त्रज्ञ डेनिस कँडेल यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातील शाळकरी मित्रांच्या जोड्या एकाच शैक्षणिक वर्षात दोनदा तपासल्या होत्या. त्यात गांजाच्या सेवनासारख्या गोष्टींबाबत मित्रांमधले साम्य काही अंशी मैत्रीपूर्वीच असल्याचे आणि काही अंशी मैत्रीनंतर वाढल्याचे आढळले. दोन्हींचा वाटा साधारण सारखाच होता.

संगतीचा परिणाम प्रत्यक्षात फारसा गाजावाजा न करता होतो. ‘ले ना भो, एकच झुरका’ असा आग्रह होतोही, पण त्याची गरज क्वचितच पडते. क्लास सुटलेला असतो, गावाकडच्या एस.टी.ला अवकाश असतो, टपरीच्या खांबाला सुतळी धुमसत असते आणि एका सुट्या सिगारेटभोवती तिघे उभे असतात; न ओढणाऱ्या चौथ्याच्या हाती बाकीच्यांची दप्तरे येतात. काही दिवसांनी तोच हात पुढे करतो. सगळेच ओढतात असा त्याचा समज झालेला असतो, कारण त्याला फक्त टपरीवरचेच दिसतात. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १३ ते १५ वयोगटाच्या विद्यार्थ्यांपैकी तंबाखूचे कोणत्याही रूपात सेवन करणारे ८.५ टक्के होते, म्हणजे दहांतील नऊ जण त्यापासून दूर होते. हा आकडा मुलांना सांगणे मला फुफ्फुसांच्या भयानक चित्रांपेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.

निवडीची मुळे टपरीच्या बरीच अलीकडे, घरात आणि वर्गात असतात. वडिलांसाठी बिडीचे बंडल आणायला दुकानात धाडलेला मुलगा, अभ्यासात मागे पडल्याने रोज अपमान सोसणारा मुलगा, मनातली घालमेल कोणाजवळ बोलता न येणारा मुलगा अशांना मागच्या बाकावरची टोळी आपलीशी वाटते. त्यात किशोरवयात मेंदूची घडण चालू असल्याने निकोटीनची सवय लवकर जडते, आणि एकदा तलफ लागली की संगत तीच निवडू लागते. म्हणजे परिणामातून सुरू झालेली गोष्ट पुढे निवडीची होते, आणि त्यामुळेच पालकांचा गोंधळ उडतो.

ओळखायचे तर क्रम पाहावा : आधी मित्र बदलले की आधी मुलगा बदलला? सातपुड्याच्या पायथ्याच्या लहान गावात शाळा एक, बस एक आणि बरोबरीची मुले मोजकी असल्याने निवडीला वावच कमी असतो. तेथे मी आधी परिणामाचा संशय घेईन. जळगाव-धुळ्यासारख्या शहरात क्लास, वसतिगृहे आणि मैदाने अनेक असल्याने मुलाला हवे तसे मित्र मिळतात.

हा फरक उपायात महत्त्वाचा ठरतो. परिणाम असेल तर मैत्री न तोडता नकार कसा द्यायचा याचा सराव आणि संध्याकाळच्या त्या रिकाम्या वेळेला दुसरी जागा पुरते. निवड असेल तर मुलाला मामाच्या गावी ठेवून काही साधत नाही, कारण तेथेही तो तशीच टोळी गाठतो. अशा वेळी अभ्यास, मनःस्थिती आणि घरातली बिडी यांकडेच वळावे लागते, आणि सवय जडली असल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते.

टपरीचा प्रश्न मात्र दोन्हींना समान आहे. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई आहे, तर महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. पूर्ण पाकीट मुलांच्या खिशाला सहसा परवडत नाही, त्यामुळे या बंदीची अंमलबजावणी झाली तर ओढवून घेणारा आणि ओढला जाणारा, दोघांचीही पहिली सिगारेट अडते.